आठव्या रांगेतला हात

प्रिय फुगे,

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून टपालाच्या भरवशावर न सोडता आईच ते तुझ्या दुकानात आणून देणार आहे. तिला बजावलंय, की कुणाचे डोळे तपासणं चालू असेल तर गुपचूप बाकावर बसून राहा, मध्ये बोलू नकोस. ती गप्प बसेल की नाही हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तू मात्र हे दुकानात उघडू नकोस. वर खोलीत जा, खिडकीजवळ खुर्ची ओढून घे आणि मग वाच. लांबलचक झालंय. फोनवर मी दोनदा सुरुवात केली होती, पण फोनवर मला हवापाण्याच्या पुढे सरकता येत नाही. मी म्हणालो, उकडतंय. तू म्हणालीस, हो ना. आणि आपण दोघांनी फोन ठेवून दिला.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि आई गुडघ्याहून जास्त कुरकुरते. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता तो दोन ठिकाणी गळतो. आणि थिएटर बंद होणार हे नक्की झालं. या रविवारचा सहाचा खेळ शेवटचा. अडतीस वर्षं त्या केबिनमध्ये उभं राहून मी लोकांना सिनेमे दाखवले आणि स्वतः एकही धड सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिला नाही, असं मी मालकांना म्हणालो, तर ते हसले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल.

गेले आठ दिवस मी केबिन आवरतोय. तुटकी रिळं, वाकड्या कात्र्या, तू लहानपणी ज्याच्यावर उभी राहून खिडकीतून बघायचीस ते तीन पायांचं स्टूल. स्लाइडांचा पत्र्याचा डबाही निघाला. मी हाताने रंगवलेल्या काचा त्या. 'धूम्रपान करू नये.' 'छत्री सापडली आहे, मूठ तुटलेली, ओळख पटवून न्यावी.' ती छत्री कुणीच नेली नाही, आई अजून वापरते. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू होत्या. एक काच आणि एक कागदाची गुंडाळी. काच कुठली ते तू ओळखशील. कागद तू कधीच पाहिलेला नाहीस. त्याच्याकडे यायला मला जरा वेळ लागेल, सांभाळून घे.

तुला फुगी हे नाव आईने ठेवलं. चार वर्षांची होतीस. रुसलीस की गाल फुगवायचीस आणि कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसायचीस. मारून मुटकून बाहेर यायची नाहीस. पण कुणी खाली वाकून "काय झालं गं?" एवढं विचारलं, की भडाभडा सगळं सांगायचीस आणि पाच मिनिटांत हसत बाहेर. तुला फक्त विचारावं लागायचं. लग्नानंतर तू रुसणंच सोडलंस. मला तो शहाणपणा वाटला. चार लोकांत मी त्याचं कौतुकसुद्धा केलंय, आमची लेक बघा कशी रुळली म्हणून.

आणि आपली ती खूण. केबिनपासून पडदा लांब, यंत्र तापलं की भिंग जरासं ढळायचं आणि चित्र पुसट व्हायचं. वरून मला ते चटकन कळायचं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या की मालक धापा टाकत जिना चढून वर यायचे आणि माझी खरडपट्टी काढायचे. तू सात वर्षांची असताना यावर तोडगा काढलास. आठव्या रांगेतली, मधल्या वाटेला लागून असलेली कडेची खुर्ची तुझी. चित्र बिघडलं की तू उजवा हात सरळ वर करायचीस, पंजा उघडा. मी भिंग फिरवायचो. स्वच्छ दिसायला लागलं की हात खाली. वर केलेल्या हाताचा अर्थ एवढाच, "बाबा, थांबा, काहीतरी बिघडलंय." शाळा संपली, तू चष्म्याच्या दुकानात लागलीस, लोकांना "आता बरं दिसतंय की आधी दिसत होतं?" असं दिवसभर विचारायला लागलीस, तरी सिनेमाला आलीस की त्याच खुर्चीवर. इतक्या वर्षांत तुझा हात एकदाही उगाच वर गेला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

पंखेवाला आपल्या घरात आला तो पंख्यांमुळेच. थिएटरच्या छताला बावीस पंखे होते आणि त्यातले नऊ फिरायचे. ते दुरुस्त करून शिडीवरून उतरताना त्याचा चष्मा पडून फुटला आणि आईने तिकीट खिडकीतूनच त्याला तुझ्या दुकानाचा पत्ता सांगितला. म्हणजे सुरुवात तिने केली, असं मी आजही तिला ऐकवतो. मग वर्षभर तो चष्मा सैल झाला म्हणून तुझ्याकडे येत राहिला. इतक्या वेळा सैल होणारा चष्मा मी दुसरा पाहिला नाही. तुलाही तो आवडायला लागला होता. घरी आल्यावर त्याच्या नकला करायचीस आणि नकला करता करता लाजायचीस. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करायचो.

एका दुपारी तो केबिनमध्ये आला. घामाघूम. हातात कागदाची गुंडाळी. तुझ्या तपासणीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, वर एक मोठं अक्षर आणि खाली उतरत बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी, तसा तक्ता त्याने स्वतः काढला होता. पट्टीने आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा पुसायच्या राहिल्या होत्या. वरून खाली वाचत गेलं की प्रश्न तयार व्हायचा, 'माझ्याशी लग्न करशील का?' शनिवारी दुकान बंद व्हायच्या सुमाराला नंबर तपासायच्या निमित्ताने जायचं, तू पाठमोरी झालीस की तुझ्या तक्त्यावर हा अडकवायचा आणि म्हणायचं, आज तुम्ही वाचा. असा त्याचा बेत. तू, तो आणि तो कागद, बस्स. मला विचारायला आला होता, की काका, बरं दिसेल ना?

फार बरं दिसलं असतं, फुगे. आज कळतंय. पण त्या दुपारी माझ्या अंगात संचारलं. म्हणालो, अरे, एवढीशी खोली, एवढासा कागद, मागणी घालायची ही काय तऱ्हा झाली? आपल्याकडे अख्खा पडदा आहे! ज्या माणसाने उभी हयात तीनशे खुर्च्यांचा विचार केला, त्याला एका खुर्चीचा करता येत नाही. तो मान खाजवत म्हणाला, एवढ्या लोकांसमोर तिला आवडेल का? मी म्हणालो, माझी मुलगी आहे, मी ओळखतो तिला. मग काय, मी बोलत गेलो आणि तो हरभऱ्याच्या झाडावर चढत गेला. तासाभरात त्याचा बेत माझा झाला. कागद मी ठेवून घेतला, काचेवर उतरवायला. त्यातली शेवटची ओळ तेवढी गाळली. फारच बारीक होती, काचेवर नीट उमटेना, आणि उमटली असती तरी मागच्या रांगेतून कुणाला दिसली नसती. त्यानेही ती परत मागितली नाही.

तीन आठवडे मी वेड्यासारखा खपलो. नातेवाइकांना, तुझ्या मैत्रिणींना, तुझ्या दुकानाच्या मालकीणबाईंना त्या रविवारी सहाच्या खेळाला बोलावलं. सगळ्यांनी तुला न दिसता मागच्या रांगांत बसायचं आणि मध्यंतरात टाळ्या वाजवायच्या. टाळ्या कधी वाजवायच्या याचीसुद्धा मी चिठ्ठी वाटली होती. त्यात असं लिहिलं होतं, की ती हो म्हणाल्यावर. नाही म्हणाली तर काय करायचं ते मी लिहिलंच नव्हतं. त्या रविवारी सकाळी तू म्हणालीस, "बाबा, आज खेळ संपल्यावर तुम्हा दोघांना एक सांगायचंय." मी मिशीत हसलो. वाटलं, हिला कुणकुण लागली.

मध्यंतराला दिवे लागले नाहीत. पडद्यावर स्लाइड आली, तुझ्या दुकानातल्यासारखा तक्ता, पण दोन मजली घराएवढा. लोक वाचायला लागले, कुणीतरी मोठ्याने वाचलं. पंखेवाला तुझ्या शेजारून उठून मधल्या वाटेत गुडघ्यावर बसला. मी केबिनच्या खिडकीला नाक लावून उभा. तू पडद्याकडे पाहिलंस, त्याच्याकडे पाहिलंस, मग खुर्चीतच मागे वळलीस आणि वर बघून उजवा हात उचललास. सरळ, पंजा उघडा. स्लाइड अगदी लख्ख होती, फुगे. अडतीस वर्षांत माझ्याकडून इतकं स्वच्छ चित्र पडद्यावर गेलं नसेल. मी तुझा हात पाहिला. त्याचा अर्थ मला कळला. आणि मी काय केलं? भिंगाला हात घातला. चित्र थोडं पुसट केलं आणि पुन्हा स्वच्छ केलं, जणू तू त्यासाठीच हात वर केला होतास, जणू मी म्हणत होतो, हे बघ, झालं सगळं नीट. तू हात लगेच खाली नाही केलास. मी मनात पाचपर्यंत मोजलं. मग तो हळूच खाली आला, तू त्याच्याकडे वळून मान हलवलीस आणि माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे टाळ्या पडल्या.

आई तेव्हा तिकीट खिडकी बंद करून मागे दाराशी येऊन उभी होती. तिनेही हात पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, तिने हात का वर केला? विचारा तिला एकदा." मी म्हणालो, चित्र जरा हललं होतं. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिच्याशी सरळ सरळ खोटं बोललो ते तेवढंच. बाकी सगळी किरकोळ. आणि खेळ संपल्यावर तू काय सांगणार होतीस, हे त्या गडबडीत कुणीच विचारलं नाही. ते आम्हाला तुझ्या लग्नानंतर कळलं. तुझी खोली झाडताना आईला खणातल्या कागदाखाली पत्र सापडलं. लहान मुलांच्या डोळ्यांवरच्या उपचारांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दुसऱ्या शहरात, तुझी निवड झालेली. कळवायची शेवटची तारीख त्या रविवारनंतर पाच दिवसांनी. म्हणजे तू त्याला नाही म्हणत नव्हतीस. तुला वेळ हवा होता. तो तुला एकट्या खोलीत मागता आला असता. तीनशे लोकांच्या अंधारात कुणाकडे मागणार? बापाकडे मागितलास, आणि बापाने भिंग फिरवलं.

लग्नाला चार महिने होते आणि तेवढ्यात मला विचारता आलं असतं. पण मी कामात होतो! लग्न थिएटरातच लावायचं, ही टूम माझीच. निमंत्रणं तिकिटांसारखी छापून घेतली, खुर्चीचा नंबर घालून. कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला पंख्याखाली हवं, कुणाचं कुणाशी पटत नाही, याचा नकाशा मी केबिनच्या भिंतीवर चिकटवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तू एकटीच वर आलीस. त्या तिपाई स्टुलावर बसलीस आणि रिळं उलटी गुंडाळायला घेतलीस, लहानपणी करायचीस तशी. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. कपाटाच्या फटीत बसलेल्या मुलीसारखी बसली होतीस आणि मी वाकून विचारायचं सोडून तुला मामाआजोबांच्या खुर्चीची अडचण सांगत होतो. शेवटी तू रिळाचं टोक नीट अडकवलंस, हात पुसलेस, म्हणालीस, "बाबा, तुम्ही किती खूश आहात." आणि जिना उतरून गेलीस. ते वाक्य मी त्या दिवशी कौतुक म्हणून घेतलं.

लग्न मात्र दणक्यात झालं, हे कुणीही कबूल करेल. आईने तिकिटं फाडून पाहुण्यांना आत सोडलं. पडद्यासमोर टेबल मांडलं, त्यावर नोंदणीचं रजिस्टर, आणि सही करताना पेन चालेना म्हणून सगळे खो खो हसले. तूही हसलीस. फोटोत तू सगळीकडे हसते आहेस. तुझ्या जुन्या खुर्चीवर मी कुणालाच बसू दिलं नाही. 'राखीव' अशी पाटी ठेवली होती, मोठ्या मायेने. तू मंचावरून एकदा त्या खुर्चीकडे बघितलंस आणि बराच वेळ बघत राहिलीस. तिथे बसून आज कुणी हात वर करणार नव्हतं. केला असता तरी काय उपयोग होता म्हणा.

आता पंखेवाल्याबद्दल. तो वाईट माणूस नाही आणि तूही कधी तसं म्हणाली नाहीस. पण एक खोड त्याला लागली आणि ती मी लावली. त्या संध्याकाळी तो शिकला, की तुझ्याकडून हो हवं असेल तर लोक जमवायचे. तुझ्या वाढदिवसाला त्याने दुकानात गाणाऱ्यांचा ताफा आणला. एक म्हातारे गृहस्थ तपासणीची जड फ्रेम डोळ्यांवर तशीच ठेवून टाळ्या वाजवत होते, हे तूच सांगितलंस आणि आम्ही पोट धरून हसलो. तू त्या दिवशी सांगताना हसत नव्हतीस, हे आता आठवतंय. दोन वर्षांपूर्वी तू पुन्हा त्या अभ्यासक्रमाचं काढलंस, भांडण झालं, आणि आठच दिवसांनी एका समारंभात माइक हातात घेऊन त्याने सगळ्यांदेखत तुझी माफी मागितली. सगळ्यांदेखत मागितलेली माफी नाकारता येते का? मी पुढच्या रांगेत होतो. सगळ्यांत आधी टाळी माझीच. नऊ वर्षं असंच चाललं, आणि तीन महिन्यांपूर्वी तू दोन बॅगा घेऊन दुकानावरच्या खोलीत राहायला गेलीस. मला फोनवर म्हणालीस, "बाबा, मला विचार करायला जरा वेळ हवाय." तेवढंच. नऊ वर्षांपूर्वी हवा होता तोच वेळ. शेजारीपाजारी मी सांगितलं, दुकानात काम वाढलंय म्हणून तिकडे राहते. लाज तुझी वाटत नव्हती गं, माझी वाटत होती.

मंगळवारी दुपारी मी ती जुनी स्लाइड पुन्हा पडद्यावर लावून पाहिली. का लावली ते सांगतोच. थिएटर रिकामं. आईला म्हणालो, तू वर केबिनमध्ये खिडकीशी उभी राहा, मी खालून चित्र कसं दिसतं ते बघतो. गुडघ्याला शिव्या देत ती चढली. मी खाली येऊन आठव्या रांगेत तुझ्या खुर्चीवर बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. पडदा बघितला, मग तुझ्यासारखा मागे वळून वर बघितलं. फुगे, मी इतकी वर्षं समजत होतो, की खालून केबिनची खिडकी म्हणजे नुसतं प्रकाशाचं भोक दिसतं. आतला माणूस दिसत नाही. स्वतःला मी हेच सांगत आलो, की तिला वाटलं असेल बाबांचं लक्ष नव्हतं, यंत्रात गुंतले असतील. तसं नाही. आतला दिवा चालू असला की सगळं दिसतं, आणि स्लाइड लावताना तो मी नेहमीच लावतो. आई दिसत होती. तिचा चष्मा, केसांत खोचलेली पेन्सिल, कपाळावरची आठी, सगळं. ती माझ्याकडे बघत होती हेही दिसत होतं. म्हणजे त्या दिवशी तू मला पाहिलं होतंस. मी तुझ्या डोळ्यांत बघून भिंग फिरवलं, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि नऊ वर्षांत तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मी तिथेच बसून राहिलो. शेवटी आईने वरून हाक मारली, "अहो, दिसतंय का नीट?" मी म्हणालो, दिसतंय.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. गेल्या आठवड्यात पंखेवाला माझ्याकडे आला होता. डोळे सुजलेले होते. म्हणाला, बाबा, रविवारी तुमचा शेवटचा खेळ, तुम्ही पत्र लिहून बोलावलंत तर ती नक्की येईल. मध्यंतरात तीच स्लाइड लावू, सगळ्यांना बोलावू, ती परत येईल. आणि मी, इतकं सगळं होऊनही, हो म्हणालो. काच कापडाने पुसून लख्ख केली, खालून दिसते की नाही ते बघायला आईला वर चढवलं. या पत्राचा वरचा 'प्रिय फुगे' तुला रविवारचं बोलावणं धाडायला लिहिलेला आहे. त्याच्यापुढे काय लिहायचं ते मंगळवारी बदललं. काल त्याच्या दुकानात जाऊन मी नाही म्हणून आलो. तो पंख्यांच्या खोक्यावर मटकन बसला, म्हणाला, मग मी तिला विचारू तरी कसं? मी म्हणालो, मला विचारू नकोस, मागच्या वेळी मला विचारलंस तिथेच चुकलं. काच मी ओल्या फडक्याने पुसून टाकली, आता तिच्यावर एकही अक्षर नाही. तर तू रविवारी येऊ नकोस. कुणी कितीही गोड बोललं तरी येऊ नकोस, मला एकट्याने यंत्र बंद करता येतं. परत जा किंवा जाऊ नकोस, यातलं काहीही मी म्हणत नाही. म्हणायचं आहे ते एवढंच, की हात मला दिसला होता, बाळा. लख्ख दिसला होता, आणि मी चुकलो. सोबत त्याचा तो कागद पाठवतोय. त्याला परत देणार होतो, पण त्यातला प्रश्न तुझ्यासाठी होता, तेव्हा तो तुझा. मी गाळलेली शेवटची ओळही त्यावर आहे. मी ती साफ विसरलो होतो, काल विचारलं तर तोही विसरला होता. त्याच्या वाकड्यातिकड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत सगळ्यात खाली लिहिलंय, 'घाई नाही. सावकाश सांग. नाही म्हणालीस तरी चालेल.'

तुझाच, उशिरा का होईना भिंगावरून हात काढलेला,
बाबा